मोटारीचा पंख आणि रस्त्याची पकड

यंदाच्या गुरुपौर्णिमेस माझा एक जुना विद्यार्थी काचीगुड्यातील माझ्या वर्गात आला तो उजवे मनगट प्लास्टरमध्ये घालून. नवव्या वर्षापासून तो माझ्याकडे तबला शिकतो. आता सत्ताविशीत आहे, गच्चीबावलीस नोकरी करतो आणि रविवारची सकाळ सहसा चुकवीत नाही. डाव्या हाताने त्याने नारळ पुढे ठेवला, डाव्याच हाताने पायांना स्पर्श केला, आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाला, "गुरुजी, गाडी घसरली. पंख होता, तरी घसरली."

"पंख होता, तरी" हे शब्द काही केल्या माझ्या मनातून जाईनात. संगीतशिक्षकाने मोटारीच्या पंखावर लेख लिहावा हे वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या मनगटावर मी अठरा वर्षे मेहनत घेतली ते मनगट एका गैरसमजापायी मोडले असेल, तर तो गैरसमज समजून घेणे माझेही काम आहे. गेले दोन महिने मी त्याच खटाटोपात होतो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

हकीकत अशी. या मुलाने जुनी, लहानशी मोटार विकत घेतली. मग गाड्या सजवून देणाऱ्या एका दुकानातून तिच्या मागच्या बाजूस, डिकीच्या वर, दोन खांबांवर उभा राहणारा काळाभोर पंख बसवून घेतला. "याने गाडी रस्त्याला चिकटून राहते," असे दुकानदाराने सांगितले व याने ते मानले. पुढच्या दोन टायरांच्या खाचा जवळजवळ झिजून गेल्या होत्या. पण महिन्याच्या पगारात पंख आणि टायर दोन्ही बसेनात, तेव्हा टायर पुढच्या महिन्यावर गेले. आणि पहिल्याच मोठ्या पावसात, रात्री, बाहेरच्या वळणरस्त्यावरून उतरताना, सुकाणू फिरवले तरी गाडी वळेना. ती सरळ जाऊन दुभाजकावर आदळली. वेग, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, ऐंशीच्या आतबाहेर होता.

हे पंखाचे वेड त्याच्या डोक्यात कोठून शिरले तेही मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी त्याच्याबरोबर होतो. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. तिला फॉर्म्युला ई म्हणतात. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे दिल्लीजवळ फॉर्म्युला वनची शर्यत झाली होती. त्यानंतर जागतिक अजिंक्यपदाची मोटारशर्यत भारतात प्रथमच होत होती, आणि ती आपल्या गावात. एनटीआर मार्ग, लुंबिनी पार्क, सचिवालयाचा परिसर असा सुमारे २.८ किलोमीटरचा फेरा आखलेला होता. ज्यां-एरिक व्हेर्न नावाच्या फ्रेंच चालकाने ती शर्यत जिंकली. मला शर्यतीतले काही कळत नाही. पण कानाला एक गोष्ट जाणवली. इंजिनाची गर्जना नसल्यामुळे त्या गाड्यांची एक बारीक, वर चढत जाणारी शीळ तेवढी ऐकू येई, आणि वळणावर टायरांचे कण्हणे स्पष्ट कानी पडे. टायर आणि रस्ता यांचे काहीतरी निकराचे चालले आहे, हे डोळे मिटूनही समजत होते.

आमचे चिरंजीव मात्र त्या गाड्यांचे रूप पाहून परतले. त्यानंतरच गावात पंखवाल्या मोटारी वाढल्या असे मी म्हणत नाही. त्या आधीही होत्या. गंमत अशी की, त्या दिवशी धावलेल्या गाड्यांना मागे उंच, आडवा, रुंद पंख मुळी नव्हताच. पुढे एक बसका पंख, आणि मागे दोन्ही बाजूंस लहान, वळलेली पाती, एवढेच. असे का, हे सांगण्यापूर्वी वारा मोटारीचे काय करतो ते पाहिले पाहिजे.

धावत्या मोटारीला वारा मागे ढकलतो हे आपण सर्व जाणतो. पण तो तिला वरही उचलतो, हे पुष्कळांना माहीत नसते. मोटारीचे छत फुगीर असते. त्यावरून जाणारी हवा वेग घेते आणि वेग घेतलेल्या हवेचा दाब कमी होतो. विमानाच्या पंखाच्या वरच्या अंगास हेच घडते, म्हणून विमान उडते. मोटार उडत नाही, परंतु वेग वाढेल तशी ती रस्त्यावर हलकी पडत जाते. हलकी पडली की टायरांची पकड सुटू लागते. कारण टायर रस्त्यावर जितका दाबला जाईल, तितकी त्याची पकड अधिक.

यावर पहिला विचार असा येतो की गाडी जड करावी. पण जड गाडी वळवायलाही तितकाच अधिक जोर लागतो. पकड वाढते आणि गरजही वाढते, हाती काही उरत नाही. म्हणून इंजिनिअर लोकांनी विमानाचा पंखच उलटा करून मोटारीवर बसवला. उलटा पंख हवेला वर ढकलतो आणि हवा त्याला खाली रेटते. टायरावरचा भार वाढतो, गाडीचे अंग मात्र जड होत नाही. सगळी किमया एवढ्यात आहे. खाली दाबणाऱ्या या रेट्याचा उपयोग वळणावर व ब्रेक लावताना होतो.

दुसरी युक्ती गाडीच्या पोटाखालची. पुरानापुलाशी मुसीला पाणी असताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती लगेच समजेल. रुंद पात्रात संथ असलेले पाणी कमानींच्या अरुंद वाटेत शिरले की धाव घेते. शर्यतीच्या गाडीचे पोट जमिनीच्या अगदी जवळ आणून हवेला अशीच अरुंद वाट देतात. हवा धाव घेते, तिचा दाब उतरतो आणि वरच्या हवेचा दाब गाडीला खाली बसवतो. मागच्या बाजूस ही वाट हळूहळू रुंद करीत नेतात. त्या उतरत्या-चढत्या भागास डिफ्यूजर म्हणतात. त्यामुळे हवा गोंधळ न करता बाहेर पडते आणि पुढची हवा अधिक जोराने आत ओढली जाते.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही, पण त्यात ठेचा पुष्कळ आहेत. १९२८ साली जर्मनीत फ्रिट्झ फॉन ओपेल याने अग्निबाणांवर चालणारी मोटार ताशी २३८ किलोमीटर वेगाने पळवली. ती जमिनीवरून उठू नये म्हणून तिच्या दोन्ही कुशींना उलटे पंख लावले होते. १९६६ साली अमेरिकेत जिम हॉल याने आपल्या शॅपरल गाडीवर उंच खांबांचा पंख उभारला. ते खांब थेट चाकांच्या आधारांवर टेकले होते, म्हणजे रेटा मधल्या स्प्रिंगांवर वाया न जाता टायरांवरच जाई. सरळ रस्त्यावर पंखाचा विरोध नको म्हणून चालक पायाने पट्टी दाबून तो आडवा करी. युक्ती पाहून युरोपातही उंच पंखांची लाट आली. आणि ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटस कंपनीच्या दोन्ही गाड्यांचे पंख एकामागून एक मोडले. ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या गाड्या कठड्यांवर जाऊन आदळल्या. दोनच आठवड्यांत, मोनाकोच्या शर्यतीच्या वेळी, उंच पंखांवर बंदी आली. पुढे त्याच लोटसने पोटाखालची युक्ती सिद्धीस नेली आणि १९७८ साली मारिओ आन्द्रेत्ती त्या गाडीतून जगज्जेता झाला. तीही युक्ती इतकी प्रभावी व धोक्याची ठरली की १९८३ पासून फॉर्म्युला वन गाड्यांचे पोट सपाट असावे असा नियम करावा लागला. २०२२ साली ती नव्या रूपात परत आली तेव्हा काही गाड्या सरळ रस्त्यावर वरखाली उसळू लागल्या, आणि भल्याभल्या इंजिनिअरांनी कपाळास हात लावला.

हे सांगण्याचे कारण असे की, ज्यांचा जन्म या कामात गेला, ज्यांच्यापाशी वाऱ्याचे बोगदे व मोजमापाची साधने आहेत, त्यांनाही हवा सहजासहजी वश होत नाही. १९९९ साली फ्रान्समधील ल मां येथे मर्सिडीज कंपनीच्या शर्यतीच्या गाड्या एकदा नव्हे, तीन वेळा नाक वर करून हवेत उडाल्या. नामांकित कारखान्याची ही कथा. मग गल्लीतल्या दुकानात दोन स्क्रूंवर बसवलेल्या पट्टीची काय कथा!

आता हिशेब पाहू. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट, आणि वेग चौपट तर रेटा सोळापट. उलट दिशेनेही हे तितकेच खरे, आणि आपल्या गावच्या रस्त्यांना तीच दिशा लागू पडते. माझ्या विद्यार्थ्याच्या पंखाएवढा, म्हणजे सुमारे चार फूट लांब व वीतभर रुंद पंख घेतला, तो उत्तम घडवलेला आहे आणि त्याला स्वच्छ, अखंड वारा मिळतो असे उदार मनाने धरले, तरी ताशी ५० किलोमीटर वेगाला त्याचा रेटा अडीच किलोंच्या आसपास भरतो. माझा पितळी डग्गा याहून जड आहे. ताशी ८० ला तो सहा किलो होतो. बाहेरच्या वळणरस्त्यावर २०२३ पासून १२० ची मुभा आहे, तेथे साडेतेरा किलो. साडेनऊशे किलोंच्या गाडीला सहा किलोंचा आधार! डिकीत एखादी पेटी ठेवली तरी तेवढे वजन पडते. शिवाय लहान गाडीच्या छताआडून येणारी हवा आधीच विस्कटलेली असते, तेव्हा हे आकडेही प्रत्यक्षात हाती येत नाहीत.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींना इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांकडे मिळते. वळवतातही तीच, आणि ब्रेकचा बहुतेक भारही तीच सोसतात. पंख मात्र मागच्या चाकांच्याही मागे. लहान मुलांची सी-सॉ असते तसे, मागचे टोक दाबले की पुढचे कणभर उचलते. ज्या चाकांना पकड हवी होती त्यांना पंखाने काहीच दिले नाही. दिले असेल तर उणे दिले. त्या रात्री सुकाणू फिरवूनही गाडी वळली नाही, ती पुढची चाके पाण्यावर तरंगली म्हणून. टायरावरच्या खाचा पाणी बाजूस फेकण्यासाठी असतात. नव्या टायरात त्या सात-आठ मिलिमीटर खोल असतात, १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर मोडीत काढावा, याची खूण म्हणून खाचांच्या तळाशी लहान उंचवटेही दिलेले असतात. खाच संपली की पाणी जायला वाट उरत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि सुकाणूचा व चाकांचा संबंध तुटतो. अपघात पंखामुळे झाला असे मी म्हणणार नाही. पंखाच्या भरवशावर त्याने टायर बदलणे लांबवले आणि पावसात वेग आवरला नाही, त्यामुळे झाला.

मग हुसेनसागरच्या त्या गाड्यांना मोठा पंख का नव्हता? कारण तो फुकट मिळत नाही. खाली रेटणारा प्रत्येक पंख मागेही ओढतो. फॉर्म्युला ई च्या गाडीत बॅटरीतली वीज मोजकी असते; ब्रेक लावताना गतीतून वीज परत मिळवीत ती कशीबशी शर्यत पुरी करते. साडेआठशे किलोंच्या आसपास भरणारी ही गाडी शहरातल्या आखूड, वळणावळणाच्या रस्त्यांवर धावते. तेथे मोठ्या पंखाचा लाभ थोडा आणि विजेचा खर्च फार. म्हणून तिच्या रचनाकारांनी रेटा मुद्दाम बेताचा ठेवला. उलट, फॉर्म्युला वनच्या गाड्या लांब, वेगवान वळणे घेतात. त्या भर वेगात स्वतःच्या वजनाहून अधिक रेटा मिळवतात. तेथेही २०११ ते २०२५ या काळात सरळ रस्त्यावर मागच्या पंखाची फळी उघडून विरोध कमी करण्याची सोय होती. डग्ग्यावर मनगट दाबल्याशिवाय घुमारा वळत नाही, आणि सदा दाबून ठेवले तर डग्गा मुका होतो. किती दाबायचे हे बोलावर ठरते; येथे ते रस्त्यावर ठरते.

मोटारीवरचे प्रत्येक पाते निरुपयोगी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. १९९९ मध्ये ऑडी कंपनीच्या टीटी या देखण्या, गोलाकार गाडीला जर्मनीच्या वेगवान रस्त्यांवर भीषण अपघात होऊ लागले. वेगात तिचे मागचे अंग हलके पडत होते. कंपनीने गाड्या परत बोलावल्या आणि इतर दुरुस्त्यांबरोबर डिकीच्या काठावर एक साधी, बोटभर उंचीची पट्टी बसवली. या पट्टीला स्पॉयलर म्हणतात. वरून घसरत जाणाऱ्या हवेचा तो ओघ बिघडवतो आणि उचल कमी करतो. आपल्या गाड्यांच्या काचेवर कारखान्याने दिलेली जी लहान पडवी असते तीही बहुधा हवेचा विरोध कमी करण्याच्या कामी येते. या वस्तू त्या त्या गाडीसाठी घडवून, तपासून बसवलेल्या असतात. त्या दिसायला फारशा नजरेत भरत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, तरुण पोरे आहेत, शोभेसाठी लावतात, तुमचे काय जाते?" हा आक्षेप मला मान्य आहे, निदान अर्धा. शोभेला माझा विरोध असता तर मी चौमहल्ल्यात पुनःपुन्हा गेलो नसतो. तेथे निजामांची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस उभी आहे. आत सिंहासनासारखी उंच बैठक असलेली. वाऱ्याच्या दृष्टीने तिच्याइतकी आडमुठी गाडी क्वचितच सापडेल. पण ती मिरवणुकीत माणसाच्या चालीने जाण्यासाठीच केली होती. तिची शोभा शोभाच म्हणवते, कोणाचा जीव सांभाळण्याचा दावा करीत नाही.

माझे वडील दरबारी वादकांच्या शेवटच्या पिढीतले. १९४८ साली संस्थान गेले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि आजोबांच्या शेजारी बसून साथ करीत. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. दरबारचे वैभव त्यांनी क्वचितच सांगितले. आजोबांची एक गोष्ट मात्र पुष्कळदा सांगत. डग्ग्याची पुडी सैल पडली होती आणि आजोबांनी ती बदलायची सोडून वर जरीची नवी गादी घातली. त्या संध्याकाळी भर मैफिलीत डग्गा उतरला. "लोकांनी गादी पाहिली, गवयाने डग्गा ऐकला," असे म्हणून वडील हसत. माझ्या विद्यार्थ्याने तेच केले. फरक इतकाच की डग्गा उतरला तर मैफल जाते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्यांना पंख लावायचा आहे त्यांनी तो शोभा म्हणून लावावा, आणि त्याआधी टायर, ब्रेक व हवेचा दाब पाहावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करण्यावर बंधने घालते, तेही विचारून घ्यावे. सैल बसवलेली पट्टी भर रस्त्यात सुटली तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव जाईल. दुकानदारांनी "गाडी चिकटून राहते" हे वाक्य सोडावे. किती वेगाला किती किलो, एवढा आकडा गिऱ्हाइकाने मागावा. उत्तर मिळाले नाही की समजावे.

आणि एक तक्रार आपल्या सर्वांविषयी. त्या शर्यतीसाठी रस्ते बंद झाले, वाहतूक तुंबली, कौतुक झाले, टीका झाली. पुढची शर्यत २०२४ च्या फेब्रुवारीत व्हायची होती, ती जानेवारीत रद्द झाली. ती व्हावी की न व्हावी, यावर लोक तावातावाने बोलले. पण हजारो मुलांनी डोळ्यांनी पाहिलेल्या त्या गाड्या तशा का दिसतात, हे कोणी बसवून सांगितल्याचे मला आठवत नाही. नौबत पहाडावर बिर्ला विज्ञान संग्रहालय आहे, शाळा आहेत, इंजिनिअरिंगची महाविद्यालये तर गल्लोगल्ली आहेत. एक टेबलपंखा, वजनकाटा आणि पुठ्ठ्याचा उलटा पंख एवढ्यावर अर्ध्या तासात ही गोष्ट मुलांना दाखवता येईल. पंख्याचा वेग वाढवला की काटा किती खाली जातो ते मुलाने स्वतः पाहावे. मग त्याला दुकानदार फसवू शकणार नाही.

परवा त्या मुलाचे प्लास्टर निघाले. मनगट अजून ताठ आहे. डॉक्टरांनी दोन महिने जोर देऊ नको म्हटले आहे. धिरकिट त्याच्या हाती पूर्वीसारखे पुन्हा येईल की नाही, हे मला आज सांगता येत नाही. तूर्त मी त्याला नुसता ठेका धरायला सांगतो, तोही विलंबित. गाडी दुरुस्त होऊन आली आहे. त्याने विचारले, "गुरुजी, पंख काढून टाकू का?" मी म्हटले, "ते तुझे तू ठरव. पण आधी मला टायर दाखव."

आम्ही दोघे खाली उतरलो. चारही टायर नवे होते. मी वाकून खाचेत करंगळीचे नख घालून पाहिले, आणि मग वर येऊन शिकवणी सुरू केली.